जावयाचा जिना

सदाशिवराव खानझोडे यांनी निंबखेड नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात एकतीस वर्षं नोकरी केली, ती सगळी नोटिसा लिहिण्यात. 'परवानगी न घेता केलेले बांधकाम काढून टाकावे' हे वाक्य त्यांच्या हाताला इतकं बसलं होतं, की मुलीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा करताना त्यांनी सुरुवातच 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की' अशी केली होती. पत्रिका छापायला जाण्याआधी त्यांच्या पत्नी रजनीताईंनी वाचली म्हणून, नाहीतर व्याह्यांना खुलासा मागवल्यासारखं वाटलं असतं.

असा माणूस निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी स्वतःच्या घरावर विनापरवाना खोली चढवतो, हे गावाच्या पचनी पडायला थोडा वेळ लागला. सदाशिवरावांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. परवानगीच्या फायलीला किती महिने लागतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते तसे लागावेत म्हणून त्यांनी स्वतः मेहनत घेतली होती.

गोष्ट दोन हजार पाचच्या दिवाळीची. कापसाचं वाईट चालू होतं. यवतमाळच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांपेक्षा अभ्यास समित्यांच्या गाड्या जास्त दिसत, आणि कापूस का परवडत नाही हे ज्याला त्याला समजावून सांगता सांगता लोकांचे घसे बसले होते. सदाशिवरावांचे जावई अनिमेष राळेगावच्या पुढे एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होते. कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरायचा, हळू ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि अख्ख्या गाडीची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. त्या हंगामात मालकानं जिनिंग सुरूच केलं नाही. यंत्रांवर ताडपत्री टाकली आणि अनिमेषना म्हणाला, पुढच्या वर्षी पाहू. पण क्वार्टर मात्र डिसेंबरअखेर मोकळं करून द्या.

मुलीनं, शाल्मलीनं हे फोनवर सांगितलं, तेव्हाच सदाशिवरावांनी ठरवलं की दोघांनी इकडेच यायचं. अडचण जागेची नव्हती. अडचण एका शब्दाची होती. घरजावई.

त्यांच्या लहानपणी एका आत्याचे यजमान असे घरी राहायला होते. त्यांना सगळं गाव 'जावईबुवा' म्हणायचं. भाजीवाली म्हणायची, पोस्टमन म्हणायचा, शाळेतली पोरं म्हणायची. त्यांचं नाव काय, हे सदाशिवरावांना त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कळलं. आपल्या जावयाचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांच्या मनात पक्कं होतं.

बराच विचार करून ते एका निष्कर्षाला आले. माणूस कुठे राहतो यावरून तो घरजावई होत नाही, कुठून चढतो यावरून होतो. सासऱ्याच्या दारातून आत शिरून, सासूच्या स्वयंपाकघरावरून वर गेला तर घरजावई. रस्त्यावरून सरळ स्वतःच्या जिन्यानं वर गेला तर तो नुसता वरच्या मजल्यावर राहणारा माणूस. तेव्हा जिना बाहेरून हवा.

बाहेरून जिना घ्यायला एकच जागा होती, ती पश्चिमेची. घराची भिंत आणि शेजारच्या खेमसिंग राठोडची कंपाउंड वॉल यांच्यामध्ये पाच फूट. हे पाच फूट नियमानं उघडे सोडायचे असतात. या पाच फुटांवरून सदाशिवरावांनी निम्म्या गावाला नोटिसा पाठवल्या होत्या. जिन्यानं त्यातले साडेतीन खाल्ले.

काम दिवाळीच्या सुट्ट्यांत उरकलं. निंबखेडमधली बहुतेक बेकायदा बांधकामं दिवाळीतच होतात. कचेरी बंद असते; आकाशकंदील आणि स्लॅबचं सेंट्रिंग एकाच दिवशी वर चढतात. भाऊबीजेला जिना उभा होता. सदाशिवराव त्यावरून तीनदा चढले, तीनदा उतरले, आणि त्यांना आपण कोणाचेच सासरे नसल्यासारखं हलकं वाटलं.

खेमसिंग एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. रोज सकाळी सात वाजता सदाशिवरावांच्या ओट्यावर येऊन बसायचं, त्यांचा पेपर त्यांच्याआधी वाचायचा आणि चहा प्यायचा, हा त्याचा नेम. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एके सकाळी त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला,

"बाबू, तक्रार गेली बरं तुमच्यावर."

"कोणी केली?"

"मीनंच. काल टपालात टाकली. वहिनी, आज अद्रक जास्त पडलं का?"

"जास्त नाही हो, जुनं होतं," रजनीताई आतून म्हणाल्या.

"पण कायले?" सदाशिवरावांनी विचारलं. खेमसिंगशी बोलताना त्यांची कचेरीची भाषा सुटायची.

"माही ग्यालरी कोणं तोडली?"

"नगरपरिषदेनं."

"सही कोणाची होती?"

"मुख्याधिकाऱ्यांची."

"आन अक्षर?"

सदाशिवरावांनी आपली बशी खाली ठेवली. अक्षर त्यांचं होतं.

"अकरा वर्सं झाली," खेमसिंग म्हणाला. "बायको अजून इचारते, पापड कुठं वाळू घालू. मी काई रागानं नाई केलं बाप्पा. फक्त म्हटलं, कायदा सगळ्याइले सारखा हाये का नाई, एकडाव पाहून घ्यावं." आणि तो पेपराचं पान उलटून राशिभविष्य वाचायला लागला. त्याच्या राशीला त्या दिवशी शेजाऱ्यांशी सलोखा होता.

आठ दिवसांनी शिपाई नोटीस घेऊन आला. सदाशिवरावांनी सही करून ती घेतली, चश्मा लावला आणि ओट्यावरच वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीलाच त्यांच्या कपाळावर आठी पडली. रजनीताई दारात आल्या.

"काय म्हणतात? पाडणार?"

"हे पाहा," सदाशिवराव म्हणाले. त्यांचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं. "प्लॉट क्रमांक एकाहत्तर! आपला सतरा आहे. कलम दंडाचं टाकलंय, काढून टाकण्याचं कलम वेगळं. मुदत सात दिवस! एक महिना द्यावा लागतो. आणि जावक क्रमांक कुठे आहे? जावक क्रमांकच नाही!"

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"वाईट! ही नोटीस कोर्टात दोन मिनिटं उभी राहायची नाही."

"मग चांगलंच आहे की. राहू द्या पडलेली."

"चांगलं? अगं, दोन वर्षं नाही झाली मला तिथून निघून, आणि माझ्या टेबलावरून आता असं काम बाहेर पडतंय! लोक काय म्हणत असतील?"

शिपाई पाण्याचा पेला हातात घेऊन उभाच होता. सदाशिवरावांनी खिशातलं पेन काढलं, त्यातली रिफील बदलून लाल घातली आणि मांडीवर पेपर ठेवून त्यावर नोटीस पसरली. एकाहत्तर खोडलं, वर सतरा लिहिलं. कलम सुधारलं. सात दिवसांचा एक महिना केला. समासात 'वरीलप्रमाणे दुरुस्ती करून फेर बजावावी' असा शेरा मारला, खाली आद्याक्षरं टाकली, तारीख घातली, आणि शिपायाच्या हातात देत म्हणाले, "आवकला दे. शिक्का घ्यायला विसरू नको."

शिपाई सायकलवर बसून गेला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत रजनीताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही आत्ता काय केलं, हे तुमच्या लक्षात आलं का?"

लक्षात आलं होतं. पण ते सायकल वळल्यावर.

संध्याकाळी धर्मपाल मुनेश्वर आला. हा नगरपरिषदेचा कनिष्ठ अभियंता. नऊ वर्षांपूर्वी नवा नवा लागला तेव्हा नकाशातली मोकळी जागा टेपनं कशी मोजायची, टेप कुठे सैल सोडायची नाही, नोटिशीत कोणता शब्द आधी आणि कोणता नंतर, हे सगळं सदाशिवरावांनी त्याला शेजारी बसवून शिकवलं होतं. त्यानं स्कूटर लावली, चप्पल बाहेर काढली, रजनीताईंनी दिलेलं पाणी प्यायलं आणि पिशवीतून ती लाल झालेली नोटीस काढून सदाशिवरावांसमोर ठेवली.

"साहेब, हे तुम्ही केलं?"

"चुका होत्या, धर्मपाल. तीन. जावक क्रमांक धरला तर चार."

"मले माहीत हायेत. मीच ठेवल्या होत्या."

सदाशिवरावांनी चश्मा काढून नोटिशीवर ठेवला.

"तक्रार आली म्हणजे नोटीस देणं आलंच," धर्मपाल म्हणाला. "पण कशी द्याची, हे माह्या हातात होतं. एकाहत्तर नंबरच्या प्लॉटवर काय हाये सांगा? आपली पाण्याची टाकी. टाकीचा जिना कोण पाडते? पाहणी करा, अहवाल द्या, पुन्हा फेरपाहणी, दोन वर्सं फाइल फिरत राह्यली असती. तवापर्यंत राठोडकाकाचा राग बी निवला असता."

"अशी नोटीस लिहायला मी तुला कधी शिकवलं होतं?"

"नाई साहेब. ते मी माह्या मनानं शिकलो."

 रजनीताईंनी पोह्यांची बशी आणून ठेवली आणि नवऱ्याकडे न पाहता आत गेल्या.

"आता?" सदाशिवरावांनी विचारलं.

"आता काय? आवकचा शिक्का हाये, तुमची सही हाये, 'प्लॉट क्रमांक सतरा' असं तुमच्या अक्षरात हाये. मुख्याधिकारी साहेबांनी पाह्यली. म्हणे, मुनेश्वर, मी अकरा नगरपरिषदा फिरलो, पण नोटीस दुरुस्त करून परत पाठवणारा माणूस पह्यल्यांदा पाहून राह्यलो." धर्मपालनं पोह्यांवर लिंबू पिळलं आणि आतल्या दिशेनं विचारलं, "काकू, हे जिनिंगवाले जावई इकडं येणार होते म्हणून जिना घेतला ना? मले गावात समजलं. म्हणून तर मी टाकीचा नंबर टाकलता."

दुसरी नोटीस चार दिवसांत आली. सदाशिवरावांनी ती दोनदा वाचली, मग खिडकीशी नेऊन तिसऱ्यांदा वाचली. एक चूक सापडेना. त्यांना अभिमान वाटला, आणि जिना आता गेलाच हेही कळलं. कोणतं आधी, ते त्यांना सांगता आलं नसतं.

सुनावणी झाली. खोलीचं बांधकाम बाकी नियमात बसत होतं. अर्ज करून, शुल्क भरून ते नियमित करता येणार होतं. जिन्याचं मात्र काही करता येण्यासारखं नव्हतं. धर्मपालनं टेप लावली, कुठे सैल सोडली नाही, आणि मोकळी जागा दीड फूट भरली. महिन्याच्या आत जिना काढावा, असा हुकूम झाला. अपील कसं करायचं आणि ते चार-पाच वर्षं कसं लांबवायचं, हे सदाशिवरावांना तोंडपाठ होतं. पण अपिलात त्यांना आपल्याच लाल शाईच्या विरोधात बोलावं लागलं असतं. ते त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं.

त्यांनी स्वतःच मिस्त्री बोलावला. नगरपरिषदेची माणसं येऊन तोडणार, पोरंबाळं बघायला जमणार, ते नको. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जिना तुटायला सुरुवात झाली. खेमसिंग आपल्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता. अकरा वर्षं तो या दिवसाची वाट पाहत होता. पहिल्या चार पायऱ्या पडल्यावर तो उठून भिंतीशी आला.

"बाबू, राहू द्या ना. मी तक्रार वापस घेतो."

"तक्रार वापस घेता येते, खेमसिंग. त्यानं जिना कायदेशीर होत नाही."

"म्हणजे आता काईच होऊ शकत नाई?"

"काही नाही."

खेमसिंग थोडा वेळ घणाचे घाव ऐकत राहिला. "मंग मले मजा काहून येऊन नाई राह्यली?" असं म्हणून त्यानं खुर्ची उचलली आणि घरात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाला आला, पण पेपर त्यानं आधी सदाशिवरावांच्या हातात दिला.

वरच्या खोलीचं दार आता हवेत उघडत होतं. जिना तुटण्याआधीच सदाशिवरावांनी त्याला बाहेरून कुलूप घातलं होतं. बाहेरचं कुलूप कोण उघडायला जाणार होतं, हा प्रश्न रजनीताईंनी विचारला नाही.

एकोणतीस तारखेला दुपारी टेम्पो आला. कपाट, पलंग, दोन ट्रंका, शिलाई मशीन, आणि सामानावर बसलेला एक पंखा. शाल्मली पुढे उतरली, मागून अनिमेष. चौतिशीचा सडपातळ माणूस, कमी बोलणारा. खाली उतरून त्यांनी घराकडे पाहिलं, वरच्या दाराकडे पाहिलं, मग दाराच्या खाली पाहिलं.

"बाबा, जिना?"

सदाशिवरावांनी हे कसं सांगायचं याची आठ दिवस तयारी केली होती. त्यांनी सामासिक अंतरापासून, म्हणजे त्या पाच फुटांपासून सुरुवात केली, सुधारित नोटिशीपर्यंत आले, सुनावणीचा गोषवारा दिला. टेम्पोवाला हातात दोरी घेऊन ऐकत राहिला. शेवटी सदाशिवराव म्हणाले,

"तेव्हा सध्या सामान खाली ठेवू. राहायचं म्हणाल तर, बाजूच्या लेआउटमध्ये दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत मी. तुम्हाला इथे, असं, आमच्या घरातून..." पुढचा शब्द त्यांना उच्चारता येईना.

"आतून वर जाता येत नाही?" अनिमेषनी विचारलं.

"येईल. आतून जिना काढायला परवानगी मिळते. पण अनिमेषराव, मग लोक म्हणतील... लोक घरजावई म्हणतील तुम्हाला."

अनिमेषनी रुमालानं मान पुसली. "बाबा, क्वार्टरमध्ये तीन महिने सगळे मला 'रिकामा' म्हणत होते. दुकानदार, शेजारी, मालकाचा वॉचमनसुद्धा. त्यापुढे घरजावई म्हणजे निदान एक पद झालं."

सदाशिवराव हसले नाहीत. हे हसण्यावारी न्यायचं की नाही, हे त्यांना कळेना. जावयाचा चेहरा पुंजका ओढून प्रत सांगताना जसा असावा तसा होता.

"आणि बाबा," शाल्मली शिलाई मशीनचं झाकण हातात घेऊन म्हणाली, "मी कुठून चढणार होते, ते कोणी ठरवलं होतं का? का मलाही रस्त्यावरूनच? मी तर या घरची आहे असं ऐकलं होतं."

 सदाशिवरावांच्या सगळ्या विचारात शाल्मली कुठल्याच जिन्यावर नव्हती.

"झालं का उन्हात उभं राहून?" रजनीताई दारातून म्हणाल्या. "सामान बैठकीत घ्या. आणि जिना बैठकीतूनच काढायचा. मागून स्वयंपाकघरातून बिलकुल नाही. चोरून जायचं काही कारण नाही कोणाला."

तर दोघं बैठकीत राहू लागले. पलंग भिंतीशी, कपाट खिडकीशी, पाहुणा आला की त्याला ट्रंकेवर बसवायचं. चौथ्या दिवशी खेमसिंग सकाळी चहाला आला तो काखेत गादी घेऊन.

"जावईबापू, तुमी कापूस पाह्यता म्हणे. जरा पाहा बरं, पिंजाऱ्यानं मले फसवलं का?"

अनिमेषनी गादीची शिवण थोडी उसवली, पुंजका काढला, अंगठ्यांत धरून ओढला. तो लगेच तुटला. "काका, हा कापूस नाही. गिरणीत झाडून गोळा केलेला माल आहे. कोणाकडून भरली?"

खेमसिंगनं नाव सांगितलं आणि शिव्या दिल्या. आठवड्याभरात गल्लीतल्या सात गाद्या आणि एक रजई बैठकीत येऊन गेली. लोक दार वाजवायचे आणि म्हणायचे, "जावईबापू हायेत का घरी?" सदाशिवराव पेपरामागून ऐकायचे. शब्द जवळजवळ तोच होता. तरी मृत्यूच्या दाखल्याची आठवण त्यांना पहिल्यासारखी येत नव्हती. पूर्ण जात नव्हती, एवढंच.

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी ते आतल्या जिन्याच्या परवानगीचा अर्ज घेऊन नगरपरिषदेत गेले. एकतीस वर्षं ज्या खिडकीच्या आत बसले, तिच्या बाहेर रांगेत उभं राहायची ही पहिलीच वेळ. रांगेत त्यांच्या पुढे चार जण होते, आणि चौघांनाही त्यांनी कधी ना कधी परत पाठवलेलं होतं. एकानं वळून नमस्कार केला. "पुढं जा न बाबू," तो म्हणाला. सदाशिवराव म्हणाले, नको, रांगेनंच.

खिडकीत धर्मपाल होता. क्लार्क रजेवर होता. त्यानं अर्ज घेतला, नकाशा उलगडला, टाचण्या मोजल्या, आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून थांबला.

"साहेब, एक रकाना कोरा हाये. 'प्रस्तावित जिना कोणाच्या वापरासाठी.'"

"राहिला."

"तुम्ही रकाना कोरा ठेवत नाई कधी."

"लिहायचं काय, ते ठरत नव्हतं."

"कुटुंबीय लिवा. सगळे तेच लिवतात."

सदाशिवरावांनी अर्ज आपल्याकडे ओढला. मागचा माणूस खाकरला. खिडकीच्या फळीवर अर्ज ठेवून त्यांनी पेन काढलं. आता त्यात निळी रिफील होती. लिहायला त्यांना बराच वेळ लागला, एवढा की धर्मपालनं मान वाकवून उलटं वाचायचा प्रयत्न केला. मग अर्ज परत आत सरकला. रकान्यात, नोटिसांच्याच त्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'मुलगी व जावई, कायम वास्तव्य.'

धर्मपालनं वाचलं. "साहेब, 'कायम' नसतं लिवलं तरी चाललं असतं. रेकॉर्डले राह्यते ते."

"म्हणूनच लिहिलं."

धर्मपालनं शिक्का शाईच्या डबीवर दाबला, अर्जावर मारला, आवक क्रमांक घातला आणि पोच फाडून दिली. "मंगळवारी या. पुढच्या नाई, त्याच्या पुढच्या."

सदाशिवराव पोच घडी करून खिशात ठेवत होते. मागच्या माणसानं पुढे सरकता सरकता विचारलं, "खानझोडेबाबू, ते गाद्या पाह्यतात ते तुमचेच जावई का?"

"हो," सदाशिवराव म्हणाले. "अनिमेष नाव आहे त्यांचं."